हिरालालची तुळस आणि आमची मास्तरकी

शेजाऱ्यावर प्रेम करावं की नाही, याबद्दल माझा वाद नाही. करावं. फक्त शेजारी परगावी निघाला असेल त्या दिवशी करू नये, एवढंच मी अनुभवाने सांगतो.

मालेगावात मिशनची प्राथमिक शाळा होती आणि मी तिचा हेडमास्तर होतो. हाताखाली एक असिस्टंट आणि एक घंटा. त्या साली पावसाळा सरता सरता आमच्या मिशनरी साहेबांच्या बंगल्यावरून पत्रक आलं. ख्रिस्ती माणसाने अन्यधर्मी शेजाऱ्यांशी कसं वागावं याबद्दल आपण नुसतं बोलतो. तरी मिशनच्या प्रत्येक कामगाराने या तिमाहीत शेजाऱ्यासाठी निदान एक स्नेहाचं कृत्य करावं आणि केल्याचं दोन प्रतींत कळवावं, असा त्याचा मतलब होता. मी पत्रक खिशात घातलं आणि कृत्य शोधत दारात उभा राहिलो.

डाव्या हाताला तय्यब शिंपी राहायचा. तो दसऱ्याच्या शिलाईत मानेपर्यंत बुडाला होता, त्याला स्नेह करायला सवड नव्हती. उजव्या हाताला हिरालाल माळी. त्याचा मळा गावाबाहेर होता. वांगी-मेथी काढण्यातून जो वेळ उरेल तो हिरालाल कोर्टात घालवायचा, कारण त्याचा चुलत भाऊ पंजाबराव याच्याशी त्याचा राहत्या घरावरून दहा वर्षं दावा चालला होता. पंजाबराव म्हणे घर दोघांचं. हिरालाल म्हणे, ज्याच्या नावाने घरात रोज दिवा लागतो त्याची वहिवाट, आणि ज्याची वहिवाट त्याचं घर. हा कायदा कोणत्या पुस्तकात आहे हे मला माहीत नाही, पण मालेगावात तो सगळ्यांना पाठ होता.

मी असा दारात उभा असताना हिरालाल आपल्या पायांनी माझ्याकडे चालत आला. दैव असं चालत येतं म्हणतात.

"मास्तर, आमी काशीले चाललो. मी आन गोजरा. दिवाळीच्या आत वापस येतो. घर तुमच्या हवाली. सकायी तुयशीले तांब्याभर पानी, संध्याकायी तिच्यापुढे दिवा. बाकी काई नाही."

मी म्हणालो, "हिरालाल, मी ख्रिस्ती माणूस."

"म्हनून तं तुमच्यापाशी आलो." तो ओट्यावर बसला. "पंजाबरावानं दिवा लावला त घर पंजाबरावाचं. माह्या सासऱ्यानं लावला त तो म्हनन माह्या लेकीचं. तुमी लावला त कोनाचंच नाही होत, माहंच राह्यते. उद्या कोर्टात उभं राहून तुमी म्हनसान का, का ही तुयस माही हाये?"

"कदापि नाही."

"झालं मंग. फक्त तुमच्या पुस्तकावर हात ठेवून कबूल करा."

मी जरा दचकलो. हिरालाल समजावणीच्या सुरात म्हणाला, "म्या दहा वर्सं कोर्ट पाह्यलं, मास्तर. आमच्या पोथीवर हात ठेवून लोक काय काय बोलते, मले मालूम हाये. म्या सोताच बोललो हाये. तुमच्या पुस्तकावर गावात अजून कोनी खोटं बोललं नाही."

आता ही स्तुती होती की तक्रार, याचा विचार करायला हवा होता. पण आपल्या धर्माला कोणी चांगलं म्हटलं की माझं डोकं काम करत नाही. मी आत जाऊन शास्त्र आणलं, हात ठेवला आणि ते दोघं परत येईपर्यंत रोज दिवा लावीन अशी शपथ वाहिली. शपथच मुळी वाहू नये असं त्याच शास्त्रात आहे, हे मला रात्रीच्या जेवणात वांग्याची भाजी वाढून घेताना आठवलं. वांगी हिरालालने दिली होती.

आमच्या घरात धर्मशास्त्र माझ्याकडे आणि निकाल सोजरबाईकडे असा कारभार आहे. तिने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी तुयशीची पूजा करनार."

"पूजा नाही. पाणी घालणं हा वनस्पतिशास्त्राचा भाग आहे."

"आन दिवा?"

"दिवा म्हणजे उजेड. रस्त्यावर कंदील लावतात तसा."

"मंग आरतीही म्हना. तो संगीताचा भाग असन." आणि तिने बजावलं, की ती त्या अंगणात पाऊल टाकणार नाही, मिशनने हाकललं तर माहेरी जाईल आणि माझा उल्लेखही करणार नाही.

पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या सावधगिरीने गेलो. दिवा लावायचा, पण तुळशीकडे पाठ करून, असं मी ठरवलं होतं. पाठीमागे हात करून काडी पेटवायचा प्रयत्न कोणी करू नये. तिसऱ्या काडीला माझ्या कोटाची मागची कड करपली, तेव्हा मी तोंड फिरवलं. अंगण हिरालालच्या बायकोने, गोजराबाईने, जाताना शेणाने सारवून ठेवलं होतं, त्यावर बूट घालून जाणं हे स्वच्छतेच्या दृष्टीने बरं दिसेना, म्हणून बूट काढले. मग वाटलं, वरच्याचा गैरसमज नको व्हायला. दिवा लावून झाल्यावर आपण आपली प्रार्थना करावी, म्हणजे हिशेब स्पष्ट राहील. प्रार्थनेसाठी टोपी काढली, डोळे मिटले, हात जोडले. थोडक्यात, अनवाणी, उघड्या डोक्याने, हात जोडून मी तुळशीपुढच्या दिव्याजवळ उभा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला मी काय करतो आहे याबद्दल शंका राहायचं कारण नव्हतं.

बाहेरून पाहणारा पंजाबराव होता. भिंतीवरून त्याचं फक्त पागोटं दिसत होतं. मी राम राम केला. पागोटं खाली गेलं.

पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी शाळेची घंटा ऐकून मी पाणी घालून घाईने निघालो आणि अंगणाचं दार ओढून घ्यायला विसरलो. दुपारी येऊन बघतो तर वृंदावनात चार काड्या उभ्या आणि शेजारी तय्यबची शेळी मोठ्या समाधानाने बसलेली. एक पान म्हणून शिल्लक नव्हतं. मंजिऱ्यासुद्धा तिने निवडून खाल्ल्या होत्या.

तय्यबला बोलावलं. त्याने काड्या पाहिल्या, शेळी पाहिली, आणि अंगणाचं दार आतून लावून घेतलं.

"मास्तरसाहेब, शेळी माही हाये हे कोनाले बोलू नका. हिंदूची तुयस मुसलमानाच्या शेळीनं खाल्ली, असं गावात झालं त काय होईन?"

"आणि दार ख्रिस्ती माणसाने उघडं टाकलं होतं," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी काड्या पुन्हा मोजल्या. शेळी मधूनमधून ढेकर देत होती.

मग उपचार सुरू झाले. तय्यबच्या आईने, अमीनाबीने, मुळाशी ताक घालायला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या कस्तुराबाईला मी आडून विचारलं, की समजा एखाद्या झाडाची पानं गेली तर काय करावं. तिने चुलीतली राख सांगितली आणि वर विचारलं, की कोणत्या झाडाची. मी कढीपत्त्याची म्हणालो. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या निम्म्या बाया मास्तराचा कढीपत्ता गेला म्हणून आमच्या घरी समाचाराला आल्या. आमच्याकडे कढीपत्ता कधीच नव्हता. सोजरबाईने त्यांना चहा दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून शाळेचं हजेरीपत्रक तपासायला गेलो. रविवार होता.

तय्यबने मात्र आपल्या अपराधाची भरपाई आपल्या कसबाने केली. लाल कापडाचा एक झुळझुळीत घुंगट त्याने शिवला, काठाला जर लावली, आणि चार काड्यांवर असा बसवला की लांबून तुळस मोठी लाजाळू झाल्यासारखी दिसावी. "थंडी पडून राह्यली, म्हनून घातलं असं सांगा," तो म्हणाला. मी सांगितलं. लोकांनी मानलंही, कारण ख्रिस्ती माणूस तुळशीला काय घालील आणि काय नाही, याची कोणालाच आधीची माहिती नव्हती.

दिवाळी आली नि गेली. हिरालाल आला नाही. त्याच्याऐवजी एकाच दिवशी तीन कागद आले.

पहिला तहशिलीतून. चपराशी मदनसिंग तो घेऊन आला आणि पाणी पिऊन होईस्तोवर थांबला, म्हणजे मी घाबरलो की नाही हे त्याला पाहता यावं. पंजाबरावाने अर्ज केला होता, की हिरालाल घर टाकून परागंदा झाला असून घरात त्याच्या नावाने दिवा लागत नाही, घर मिशनने बळकावलं आहे. तरी नायब तहसीलदार जागेवर येतील तेव्हा मी हजर राहून, दिवा लागतो किंवा कसे, हे सांगायचं होतं. दुसरा कागद साहेबांच्या बंगल्यावरून. पंजाबरावाने तिकडेही अर्ज केला होता, की तुमचा हेडमास्तर रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून हात जोडतो. हे खरं असेल तर हेडमास्तरकी सोडावी लागेल, साहेब स्वतः येऊन चौकशी करतील.

म्हणजे सरकारपुढे मला दिवा लावला असं सिद्ध करायचं होतं आणि मिशनपुढे लावला नाही असं. लावला म्हणावं तर नोकरी जाते, नाही म्हणावं तर हिरालालचं घर जातं. पंजाबराव भाजीवाला झाला नसता तर मोठा वकील झाला असता, असं मी निष्पक्षपातीपणाने म्हणतो.

तिसरा कागद म्हणजे काशीहून आलेलं पोस्टकार्ड. ते कोणा देवळाच्या पायरीवर बसून लिहून घेतलेलं दिसत होतं. हिरालालचा पाय घाटावर घसरून मोडला होता. यायला महिना लागेल. पण तुळशीचं लग्न चुकू देऊ नये. ते वाडवडिलांपासून त्या अंगणात दर साली लागत आलं आहे. एक साल चुकलं की वहिवाट तुटली म्हणायला पंजाबराव मोकळा. "तुमी पुस्तकावर हात ठेवला हाये," असं शेवटी होतं, आणि ती ओळ जाड अक्षरात होती.

मी तिन्ही कागद सोजरबाईपुढे ठेवले. तिने तिन्ही वाचून घेतले.

"आता लगनही लावा," ती म्हणाली. "बारशालेही तुमीच बसा."

"मी शपथ काय घेतली होती? दिव्याची. लग्नाची नाही."

"मंग नोका लावू."

"पण घर जाईल त्यांचं."

"जाईन," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली. थोड्या वेळाने सूप खाली ठेवून म्हणाली, "काशीले पाय मोडून पडला बिचारा. त्याले तिकडे काय वाटत असन." मग पुन्हा सूप उचललं. मी भटजींकडे गेलो.

भटजी आधी ऐकूनच घेईनात. मग म्हणाले, की लग्न लावायला त्यांची हरकत नाही, पण कन्यादान करायला कोणीतरी हवं. गावातले सगळे माळी एक तर हिरालालकडचे होते नाही तर पंजाबरावाकडचे. एकाने कन्यादान केलं की दुसरा दावा टाकणार. भटजींनी पंचांग बंद केलं, उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ज्याने वाढवली तो बाप."

"मी वाढवली नाही," मी म्हणालो. हे किती खरं होतं ते मी त्यांना सांगू शकत नव्हतो.

"पाणी कोण घालतं?"

"मी."

"मग संपलं. मंत्र मी म्हणतो. तुम्ही उभयतांनी नुसतं हातावरून पाणी सोडायचं."

उभयता हा शब्द मी घरी कसा सांगितला, ते मी लिहीत नाही. शेवटी सोजरबाई म्हणाली, की पौर्णिमेच्या आधी एकदा केस धुवायचेच आहेत, त्यानंतर ती त्या बाजूने सहज चालत आली तर येईल, पण हात जोडणार नाही.

त्रयोदशीला गोरज मुहूर्त धरला. तय्यबने ऊस आणून मांडव उभा केला. बोरं, आवळे, चिंचा गल्लीतल्या बायांनी आणल्या. हिरालालच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण भटजींनी स्वतः पाटावर आणून ठेवला. अंतरपाट कोणी आणलाच नव्हता, तेव्हा तय्यबने दुकानातून नवं कोरं मांजरपाट फाडून आणलं, आणि एका बाजूने धरायला उंच माणूस दुसरा नसल्यामुळे ती बाजू त्यानेच धरली. हे कोणाला खटकलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष सोजरबाईकडे होतं. ती सहज चालत आली होती. नऊवारी नवी होती.

भटजींनी "कन्येला पुढे आणा" म्हटलं आणि घुंगटाला हात घातला. मी आणि तय्यब एकदम ओरडलो, "राहू द्या." भटजी चमकले. तय्यब म्हणाला, "नवरीचा चेहरा लगनाच्या अगोदर दाखवत नाही, पंडितजी. आमच्याकडे तरी नाही." भटजींनी क्षणभर विचार केला आणि मान्य केलं.

एवढ्यात दाराशी एक बैलांची दमणी आणि एक टांगा एकाच वेळी थांबले. दमणीतून नायब तहसीलदार उतरले, टांग्यातून आमचे साहेब. दोघांच्या मध्ये पंजाबराव, हसऱ्या तोंडाचा. त्याने दोघांनाही एकच वेळ कळवली होती.

नायब तहसीलदारांनी उसाचा मांडव पाहिला, घुंगट पाहिला, अंतरपाट धरलेला तय्यब पाहिला आणि खिशातून चष्मा काढून घातला. चष्म्यातूनही तेच दिसलं असावं.

"या घरात रोज दिवा कोण लावते?" त्यांनी विचारलं.

साहेब माझ्याकडे पाहत होते. ते भले गृहस्थ. दहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती. माझ्या डोक्यात तेवढ्यात चार खोट्या गोष्टी आल्या आणि चारही बऱ्या होत्या. पण पुस्तकावर गावात अजून कोणी खोटं बोललं नाही, हे म्हणणारा माणूस तिकडे काशीला पाय बांधून पडला होता. मला फार भीती वाटली, हे कबूल करतो.

"मी लावतो," मी म्हणालो. "हिरालालच्या नावाने. रोज."

पंजाबरावाचं तोंड अर्धं पडलं, अर्धं हसलं. साहेब एक पाऊल पुढे आले. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं.

"मास्तर, दीप प्रज्वलित केल्यावर आपण येथे कर जोडून प्रार्थना करीत होता, हे सत्य आहे काय?"

"सत्य आहे."

"कोणती प्रार्थना?"

सगळी गल्ली ऐकत होती. लपवण्यात अर्थ नव्हता. "हीच, की हे प्रभू, हिरालालला आणि गोजराबाईला सुखरूप घरी आण, त्याचा पाय बरा कर, आणि ही तुळस माझ्या गळ्यातून काढ. आमेन."

"म्या आयकलं हाये, साहेब," तय्यब अंतरपाट न सोडता म्हणाला. "पार माह्या अंगनापावतर रोज आयकू येते. म्या बी आमीन म्हनत होतो. शेळीच्या भानगडीपासून तं जोरानं म्हनत होतो."

"शेळी कोणती?" साहेबांनी विचारलं.

"ते वेगळं आहे," मी म्हणालो.

साहेबांचे ओठ जरा हलले. त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले. नायब तहसीलदार मात्र आपल्या फॉर्मात गुंतले होते. दिवा लावणाऱ्याचं घरमालकाशी नातं काय, असा तिथे रकाना होता. मी म्हणालो, शेजारी. ते म्हणाले, शेजारी हे नातं नाही, फॉर्मात बसत नाही. कूळ लिहावं तर घरावर माझा हक्क लागतो. नोकर लिहावं तर पगाराची पावती लागते. प्रत्येक शब्दाला पंजाबराव हरकत घेत होता. मुहूर्त टळत चालला होता. भटजी अक्षता मुठीत धरून केव्हाचे तिष्ठत होते, ते अखेर खवळले.

"अहो, कन्यादान हा करतो, म्हणजे मुलीचा बाप हा. देव हिरालालच्या देव्हाऱ्यातला, म्हणजे नवऱ्या मुलाचा बाप हिरालाल. मग हे दोघं एकमेकांचे कोण? व्याही. लिहा व्याही आणि मला मंगलाष्टकं म्हणू द्या."

नायब तहसीलदारांनी लेखणी झाडली. "व्याही चालते," ते म्हणाले. "व्याह्याचा घरात कधी वाटा निघत नाही. उलट त्यालेच द्या लागते." त्यांनी लिहिलं, सही केली आणि पंजाबरावाचा अर्ज निकालात काढला. मग अक्षता पडल्या. साहेबांच्या हॅटवरही थोड्या पडल्या. ते हॅट न झटकता टांग्यात बसले.

घर वाचलं. माझं काय व्हायचं ते आठ दिवसांनी कमिटीपुढे ठरणार होतं. तिथे तहशिलीतल्या कागदाची नक्कल गेली होती. कमिटीतले तिघं सभासद परगावचे, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांतल्या एकाने कागद वाचला आणि कठोर आवाजात विचारलं, की आपण आपली कन्या हिंदू घरात दिली, हे खरं काय.

"मला कन्या नाही," मी म्हणालो.

"सरकारी कागदावर आहे. वय काय मुलीचं?"

"तीन वर्षं असेल."

दुसरे सभासद खुर्चीतून उठलेच. तीन वर्षांच्या मुलीचं लग्न म्हणजे शारदा कायद्याने गुन्हा. मी म्हणालो, ती कुंडीतली... म्हणजे वृंदावनातली आहे. तिसऱ्यांनी लिहून घेतलं, की मुलगी वृंदावनला असते. शेवटी साहेबांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा खोलीत अशी शांतता झाली की त्यापेक्षा गुन्हा बरा होता.

निकाल साहेबांनी मला बाहेर पडवीत सांगितला. "मास्तर, आपल्या प्रार्थनेविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु कागद हा कागद आहे. तहशिलीतून ती नोंद खोडून आणा, आपण हेडमास्तर राहाल. अन्यथा मेडशीच्या शाळेत असिस्टंट म्हणून जावे लागेल." त्यांना वाईट वाटत होतं. मी आभार मानून निघालो.

घरी आलो तर हिरालाल परत आलेला. काखेत काठी, पायाला फळकुटं. गोजराबाईने वृंदावनावरचा घुंगट उचलून पाहिला होता. काड्यांवर दोन कोवळी पानं फुटली होती, तेवढीच.

"पोरीच्या बापानं तिले काई खाऊ घातलं नाही वाटते," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. हा विहिणीचा सूर होता. गल्लीने तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. शेळीचंही.

हिरालालला मी कमिटीचा निकाल सांगितला. तो लगेच काठी टेकत उठला. "चाला मास्तर, उद्याच तहशिलीत जाऊ. खोडून टाकू. पंजाबराव पुन्हा उभा राहीन त राहू द्या. माह्या घरापायी तुमची मास्तरकी काहून जावी?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला खाली बसवलं.

मी सोजरबाईकडे गेलो. मला वाटलं होतं, ती म्हणेल की आत्ताच निघा. ती चुलीपुढे बसली होती. मी सांगितलेलं तिने ऐकलं आणि लाकूड आत सारलं.

"शिरगणतीवाला आला का मी दारात उभी राहून सांगतो, मूलबाळ नाही," ती म्हणाली. "मिशनचा कागद आला का तुमी लिवता, नाही. वीस वर्सं झाले. ह्या एका कागदावर हाये म्हनून लिवलं."

मी म्हणालो, "ती तुळस आहे, सोजर."

"मले मालूम हाये तुयस हाये. म्या काय येडी हाव?" तिने पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर नव्हता. "अवो, नोका खोडू."

मी बसलो. हेडमास्तरकी मला फार प्रिय होती, हे खोटं कशाला सांगू. मेडशीच्या शाळेत घंटाही दुसऱ्याच्या हाताखाली होती.

"मेडशी किती लांब हाये?" तिने विचारलं.

"पाच-सहा कोस."

"मंग संक्रातीले लेकीकडे येता येईन." मग ती निकाल दिल्यासारखी म्हणाली, "पन पानी नाही घेनार मी तिच्या घरचं. लेकीच्या घरचं पानी मायबाप पीत नाही."

त्या घरचं पाणी आजवर आम्हाला, ख्रिस्ती म्हणून, कोणी विचारलंच नव्हतं, हे मी तिला बोललो नाही. मी मेडशीला जायची बैलगाडी सांगायला बाहेर पडलो.